ऐन हंगामात हिशोबाला कुलूप: देवगड पट्ट्यातल्या एका कॅनिंग कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यात, खाडीच्या अंगाला असलेला हा आंब्याच्या पल्पचा कारखाना. खंडणीसाठी इथल्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद झाल्या, त्याची ही गोष्ट. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तोच ठेवला आहे. मालकांना सगळा गाव भाऊ म्हणतो, म्हणून इथेही भाऊच. वडिलांनी कोकम आगळापासून धंदा सुरू केला, भाऊंनी पल्पची लाइन टाकली. साडेआठशे ग्रॅमचे आणि तीन किलो शंभर ग्रॅमचे डबे कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या मिठाईवाल्यांकडे आणि आइस्क्रीमवाल्यांकडे जातात.

वर्षातले जेमतेम पाच आठवडे हा कारखाना रात्रंदिवस चालतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पेटीचा भाव उतरला की कॅनिंगचा आंबा सुरू होतो, तो पाऊस लागेपर्यंत. बागायतदार क्रेट घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, त्याला पावती मिळते आणि तिची कार्बनप्रत पुस्तकात राहते. आठवडाभराच्या आंब्याचे पैसे शनिवारी. हा शनिवार चुकला तर सोमवारी तोच टेम्पो दुसऱ्या कारखान्याच्या दारात उभा राहतो. भाऊंकडे सव्वाशेच्या आसपास बागायतदार घालतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी फवारणीसाठी जानेवारीपासून उचल घेतलेली असते, ती आंब्याच्या बिलातून वळती होते.

ऑफिसात पाच संगणक. त्यातला एक ‘सर्व्हर’. अवतरणचिन्हं मुद्दाम घातली, कारण तो साधाच डेस्कटॉप होता. त्यावर टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), लेबलांची डिझाइनं, पत्रव्यवहार, बारा वर्षांचं सगळं. मागे एक यूएसबी हार्डडिस्क कायमची लावलेली, रोज रात्री तिच्यावर बॅकअप आपोआप जायचा. भाऊंच्या मते बंदोबस्त चोख होता. खरं सांगायचं तर हे निस्तरायला पुढे मलाच बोलावलं, पण आधी कधी मला विचारलं असतं, तर मीही ती डिस्क बघून मान डोलावली असती.

दार कसं उघडं राहिलं

हिशोब बघणाऱ्या मॅडम बाळंतपणासाठी कुडाळला माहेरी गेल्या होत्या. काम घरून करायचं ठरलं. गावातल्या हार्डवेअरवाल्याने दहा मिनिटांत सोय करून दिली: विंडोजचं रिमोट डेस्कटॉप (लांबून संगणक चालवायची सोय) चालू केलं आणि राउटरमध्ये त्याचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, थेट इंटरनेटला उघडला. मॅडम कुडाळातून टॅली वापरू लागल्या. सगळे खूश.

पासवर्ड होता हापूस, मग ॲट, मग एक-दोन-तीन. खात्याचं नाव ॲडमिनिस्ट्रेटर.

देवगडच्या कारखान्यावर कोणी डोळा ठेवून बसलं नव्हतं. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात. दार सापडलं की पासवर्डांच्या याद्या एकामागून एक लावून बघतात. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. ती बातमी भाऊंना आठवत होती, पण ‘हा मोठ्यांचा आजार’ अशी त्यांची समजूत. शोधणाऱ्या यंत्राला मोठा-लहान कळत नाही. त्याला पोर्ट उघडा आहे की बंद, एवढंच कळतं.

नंतर विंडोजच्या नोंदवहीत आम्हाला सगळं दिसलं. चुकलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ या क्रमांकाखाली पडते आणि जमलेल्याची ४६२४ खाली. उपलब्ध नोंदीत सलग एकोणीस दिवस ४६२५ ची रांग होती, दिवसाला हजारोंनी. गुरुवारी रात्री २ वाजून ४० मिनिटांनी एक ४६२४. त्या वेळी मॅडम कुडाळात बाळाला घेऊन झोपल्या होत्या.

शुक्रवारची सकाळ

साडेसातला ऑफिस उघडलं. टॅली चालू होईना. फोल्डर उघडला तर प्रत्येक फाइलच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलेलं. टॅलीचा डेटा असतो त्या डॉट १८०० फाइलींनाही. डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी: तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, ७२ तासांत बिटकॉइनमध्ये पैसे भरा, नंतर रक्कम दुप्पट. रुपयांत हिशोब केला तर पाच लाखांच्या आसपास.

मागची यूएसबी डिस्क? तीही कुलूपबंद. लावलेलीच होती, संगणकाच्या दृष्टीने ते आणखी एक ड्राइव्ह. विंडोज स्वतः ठेवतं त्या जुन्या प्रतीही पुसल्या होत्या. नेटवर्कवरचे आणखी तीन संगणक गेले. वाचला तो गोडाऊनमधला. त्या रात्री वळवाच्या विजा चमकत होत्या म्हणून गोडाऊनच्या पोराने मेन स्विच खाली करून ठेवला होता.

हार्डवेअरवाल्याला फोन गेला. तो म्हणाला, “टेन्शन घेव नका, दुपारी येतंय, फॉरमॅट मारून देतंय.”

हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो माझ्या हातात नव्हता. भाऊंची पुतणी रत्नागिरीत इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत घरी आली होती. तिने तीन गोष्टी केल्या. राउटरची वायर उपटली. पडद्यावरच्या चिठ्ठीचे फोनवर फोटो काढले. आणि हार्डवेअरवाल्याला सांगितलं, ‘हात लावायचा नाही.’ संगणक तिने बंदही केले नाहीत, कारण मेमरीत कधीकधी धागेदोरे राहतात. फाइली अजून बदलत असत्या तर मात्र बटण दाबून बंद करणंच शहाणपणाचं. तिने पाच मिनिटं बघितलं, कुलूप लावून झालं होतं.

फॉरमॅट मारलं असतं तर संध्याकाळी विंडोज झळाळत उघडलं असतं. पण लॉगिनच्या नोंदी गेल्या असत्या, कुलूपबंद फाइलीही गेल्या असत्या (काही हल्ल्यांच्या किल्ल्या वर्ष-दोन वर्षांनी बाहेर येतात, तेव्हा त्या फाइली हाताशी लागतात), आणि राउटरमधलं दार उघडंच राहिलं असतं. पाहुणा पुन्हा आला असता.

मला फोन आला साडेनऊला. मी रत्नागिरीहून निघून दुपारी पोचलो.

समोर काय काय होतं

भाऊंचा कल पैसे भरण्याकडे होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. “पाच लाख म्हणजे अर्धा ट्रक पल्प. उद्या शनिवार आहे. आंबा थांबला तर रोजचं नुकसान याच्या वर.” गणित म्हणून बरोबर. पण पैसे भरल्यावर किल्ली मिळेलच, मिळाली तर ती चालेलच, याचा भरवसा कोण देणार? आणि भरणाऱ्याचं नाव ‘हा भरतो’ अशा यादीत जातं.

दुसरा पर्याय व्हॉट्सॲपवरून आला. भाचेजावयांनी मुंबईतल्या एका डेटा रिकव्हरीवाल्याचा नंबर दिला. साडेतीन लाख, शंभर टक्के खात्री, आधी पन्नास टक्के. मला इथे ती ‘शंभर टक्के खात्री’च खटकली. हे कुलूप नीट लावलेलं असेल तर किल्लीशिवाय उघडत नाही. मग खात्री कशाच्या जोरावर? परदेशात अशा काही कंपन्या गुपचूप हल्लेखोरालाच पैसे भरून वर आपला नफा लावत असल्याचं उघड झालेलं आहे. हा माणूस तसाच होता असं मी म्हणत नाही. मी त्याला विचारलं, कुठल्या पद्धतीने उघडणार? त्याने फोन ठेवला.

तिसरा पर्याय फुकटचा. ‘नो मोअर रॅन्सम’ हा प्रकल्प युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केला. तिथे चिठ्ठी आणि एक-दोन कुलूपबंद फाइली टाकल्या की हल्ल्याचा प्रकार ओळखून, तयार किल्ली असेल तर ती देतात. आमचा प्रकार ओळखला गेला, किल्ली नव्हती. अर्धा तास गेला, पण हा अर्धा तास प्रत्येकाने घालवावा.

चौथा पर्याय म्हणजे सगळं नव्याने उभं करणं. त्याला भाऊंनी हात झटकले. “बारा वर्षांचा हिशोब पुन्हा लिहू?”

मग मी एकच प्रश्न धरून बसलो: नक्की काय गेलं? सगळं गेलं, हे उत्तर घाबरलेल्या माणसाचं असतं. रद्दी लेबलांच्या गठ्ठ्यातली एक शीट उलटी करून पुतणीने यादी लिहायला घेतली, आणि तासाभरात चित्र बदललं.

एप्रिलच्या सुरुवातीला मॅडमनी वर्षअखेरच्या कामासाठी टॅलीचा बॅकअप सीएंकडे पाठवला होता. म्हणजे ३१ मार्चपर्यंतचा हिशोब सीएंच्या ऑफिसात सुखरूप. एप्रिलच्या विक्रीचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) ११ मेच्या मुदतीत भरलेलं, म्हणजे ती बिलं पोर्टलवर. मेची विक्री ई-वे बिलांत (माल पाठवताना ऑनलाइन काढतात ती) आणि गोडाऊनच्या वाचलेल्या संगणकावरच्या पीडीएफमध्ये. डबे, साखर, डिझेल यांची खरेदी जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) मधून आणि व्यापाऱ्यांकडून. बाकी बँकेचं स्टेटमेंट. बॅच रजिस्टर तर सुपरवायझर हातानेच लिहितो.

उरला फक्त बागायतदार. ताज्या फळावर जीएसटी नाही आणि शेतकरी नोंदणीच्या बाहेर, त्यामुळे सरकारी पोर्टलवर त्याचा मागमूसही नसतो. कारखान्याचा जीव ज्याच्यावर, नेमकी त्याचीच नोंद कुठे नाही. दोन आठवड्यांचा आंबा, त्यातल्या पहिल्या आठवड्याचे पैसे बँकेतून गेलेले. म्हणजे खरं भगदाड एका आठवड्याचं. त्याची नोंद कार्बनप्रतींच्या पुस्तकांत होती, आणि बागायतदारांच्या खिशात.

पाच लाखांना आपण काय विकत घेणार होतो, ते आता दिसत होतं. भाऊ यादीकडे बघत बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “नाही भरायचे.”

शनिवार

आता दुसरा पेच. पुस्तकांत एक अडचण होती: गुरुवारच्या वळवाच्या सरीने काट्याच्या खिडकीतून पाणी आत आलं होतं आणि एका पुस्तकाची पंधरा-वीस पानं चिकटली होती. नुसत्या कार्बनप्रतींवर पैसे वाटता येत नव्हते. बागायतदारांना पावत्या घेऊन बोलवायचं, तर कारण काय सांगायचं?

घरातल्यांचं मत, ‘बँकेचं सर्व्हर डाऊन’ म्हणावं आणि चार दिवस काढावेत. कोकणात या सबबीवर सहज विश्वास बसतो, हेही खरं. माझंही मन तिकडे झुकलं होतं. भाऊंनी ऐकलं नाही. “दहा-वीस वर्षं घालतायत हे लोक. उद्या कळलं तर?” त्यांनी स्वतः फोन लावले: कॉम्प्युटरवर चोरी झाली, तुमच्याकडच्या पावत्या घेऊन या, पैसे आजच देतो.

शनिवारी सकाळी आठपासून ऑफिसच्या पडवीत रांग. कोणाच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून, कोणाच्या कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवलेल्या, भोकासकट. आंब्याच्या चिकाचे डाग बहुतेकांवर. पुतणी पावती वाचायची, मुनीम कार्बनप्रत काढायचा, मी एका कोऱ्या लॅपटॉपवर भरायचो, भाऊ चेक लिहायचे. मी आयुष्यात बरेच बॅकअप परत आणले, पण चिकाचा वास येणारा हा एकच.

त्या यूएसबी डिस्कमध्ये आणि या पावत्यांमध्ये फरक काय, हे मला तिथे बसल्यावर नीट उमगलं. डिस्क आमच्याच खोलीत, आमच्याच वायरीला जोडलेली, आमच्याच पासवर्डच्या हुकमातली. पावती दुसऱ्याच्या घरात होती आणि तिच्यापर्यंत वायर जात नव्हती. बॅकअपचा ३-२-१ नियम (तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक जागेबाहेर) मी वर्षानुवर्षं सांगत आलो. बागायतदार तो नकळत पाळत होते.

संध्याकाळपर्यंत ११८ जणांचे चेक गेले. वाद तीनच झाले. दोन चिकटलेल्या पानांवरचे होते, ते पावतीवरून मिटले. तिसरे एक सत्तरीचे काका. “पावती शर्टाच्या खिशात रवली नि शर्ट धुवक गेलो. सत्तावीस क्रेट होते, माका बरोब्बर आठवता.” कार्बनप्रत चिकटलेल्या पानांतलीच. भाऊंनी सत्तावीस क्रेटचे पैसे दिले. पुढे पानं सुकल्यावर अलगद सोडवली तेव्हा आकडा निघाला सव्वीस. भाऊंनी तो कोणाला सांगितला नाही, मलाही मुनीमांकडून कळलं.

तक्रार

इथे आम्ही कमी पडलो. सर्ट-इन (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते, आणि हे मोठ्या कंपन्यांपुरतं नाही, छोट्या फर्मलाही लागू आहे. भाऊंना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, मला होतं. मी पोचलो तेव्हाच वेळ संपत आली होती आणि यादीच्या नादात ते राहिलं. कळवलं शनिवारी रात्री. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार रविवारी, मग जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे. ‘नाव खराब होईल’ ही घरातली भीती होती, पण सव्वाशे बागायतदारांना सांगून झाल्यावर लपवायला उरलं काय? पोलिसांनी पहिलं मागितलं ते लॉगिनच्या नोंदी. त्या होत्या, फॉरमॅट न मारल्यामुळे. आलेले आयपी पत्ते (इंटरनेटवरचे संगणकांचे क्रमांक) परदेशातले निघाले. कोणी सापडलं नाही.

पुढचे नऊ दिवस आणि एक चूक

सोमवारी कारखाना रोजच्यासारखा चालू होता. दोन संगणकांवर नव्या डिस्क, परवान्याचं विंडोज (आधीचं कसं होतं ते विचारू नका), सीएंकडचा बॅकअप टाकून पुढची भरती. मॅडमनी कुडाळातून पोर्टलवरची बिलं उतरवून पाठवली, दोघांनी बसून नोंदी केल्या. नऊ दिवस लागले. मेचं जीएसटीआर-१ वेळेत गेलं. खर्च सगळा धरून एक लाख साठ हजारांच्या घरात, माझ्या बिलासकट. कायमचं गेलं ते म्हणजे लेबलांची मूळ डिझाइनं, जुना पत्रव्यवहार आणि भाऊंच्या वडिलांच्या काळातले, स्कॅन करून ठेवलेले फोटो. फोटोंचं भाऊंना अजून वाईट वाटतं. यादी करताना ते कोणाच्या डोक्यातच आले नव्हते.

आता चूक. विंडोजचे सगळे पासवर्ड मी पहिल्याच दिवशी बदलले. ब्राउझरमध्ये साठवलेला ई-मेलचा पासवर्ड मात्र राहिला. पंधरा दिवसांनी कोल्हापूरच्या एका मिठाईवाल्यांना भाऊंच्याच मेलवरून पत्र गेलं: आमचं बँक खातं बदललं आहे, बाकीची रक्कम या नव्या खात्यात भरा. मराठी जरा पुस्तकी होतं. मिठाईवाल्यांनी भरण्याआधी फोन केला, कारण भाऊ त्यांना कधी ‘आदरणीय महोदय’ म्हणत नाहीत. निव्वळ नशीब. जो माणूस संगणकात तीन-चार तास होता, त्याने फक्त कुलूप लावलं असेल असं धरून चालणं हा माझा आळस होता.

आज पुन्हा करायचं झालं तर

त्या दहा मिनिटांच्या सोयीपासून सुरुवात करावी लागेल. घरून काम करणं चूक नव्हतं, रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटला उघडणं चूक होतं. आता मॅडम आधी व्हीपीएनने (कारखान्याच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता) आत येतात, मग टॅली. त्यांच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार नाहीत, आणि दहा वेळा चुकीचा पासवर्ड पडला की खातं काही वेळ आपोआप बंद होतं. एवढी एक सेटिंग आधी असती तर एकोणीस दिवसांची ती रांग बरीच मंदावली असती.

पहिल्या दुपारी मी आधी सर्ट-इनला मेल टाकेन, मग यादीला बसेन. ई-मेल आणि नेट बँकिंगचे पासवर्ड एखाद्या स्वच्छ फोनवरून, चहा यायच्या आत बदलेन. मेलला दुहेरी पडताळणी आता लावली आहे. खातं बदलल्याचं पत्र आलं तर जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, हे भाऊंनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं आहे.

खंडणीच्या निर्णयाबद्दल मला अजूनही छातीठोकपणे बोलवत नाही. सीएंकडे मार्चची प्रत नसती, पुस्तकं पूर्ण भिजली असती, तर मी भाऊंना काय सांगितलं असतं? तोंडाने तरी ‘भरू नका’ म्हटलं असतं.

बॅकअपला आता दोन डिस्क आहेत, एकीला लाल रंगाचा ठिपका, एकीला पिवळा. सोमवारी लाल, गुरुवारी पिवळी. बॅकअप झाला की काढायची आणि त्या दिवशीची डिस्क भाऊंच्या घरी जाते. पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. महिन्यातून एकदा त्यातून टॅली दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची, नुसती प्रत घेऊन भागत नाही. कार्बनप्रतींच्या पुस्तकांचे रोज संध्याकाळी फोनवर फोटो काढतात, आणि काट्याची खिडकी दुरुस्त झाली.

गणपतीनंतर सहज गेलो होतो. बुधवार होता. लाल डिस्क सर्व्हरच्या मागे लावलेलीच होती. “सोमवारी लाइट गेली ना, मग राहून गेलं,” मुनीम म्हणाले आणि ती काढून त्यांनी पिशवीत टाकली. सीसीटीव्हीचा डबा अजून त्याच राउटरवर आहे, कंपनीने दिलेल्या पासवर्डनिशी. ज्याने बसवला तो आता गोव्यात असतो, आणि दिवाळीला आला की बदलून देतो म्हणालाय.